हिरोचे केस

—न्हाई न्हाई, हसू नका ताई, बोलू बी नका! मुलतानी माती हाय ती, तोंड हाललं की तडकती, मंग उद्या पाव्हण्यांना काय दाखवायचं, भेगा? गप पडून ऱ्हावा. उद्या बघायला यायलेत म्हणलात न् आल्या आल्या, तवाच म्या ठरवलं, ह्या बाईचं तोंड असं उजळायचं की पाव्हण्याचे पोहे बशीतच थंड झाले पाहिजेत. तुमी पुर्ण्यात नव्या, शाळंवर बदली होऊन आलात, म्हणून मालूम न्हाई — न्हाईतर स्टेशनापासल्या गल्लीत कुणालाबी इचारा, सविताचं पार्लर सांगतील. डोळ्यानं बोला फकस्त. एकदा मिचकावला की व्हय, दोनदा मिचकावला की न्हाई. — दाराकडं? दाराकडं कुठं बगायले मी? गाडीचा आवाज आला म्हणून बगितलं. बरं, खरं सांगू का? हिरो यायचा हाय आज. खरंखुरा हिरो, टीव्हीवरचा! म्हणजे — अजून टीव्हीवर आला न्हाई, यायचा हाय. माझी एक चीज हाय त्याच्यापाशी, ती परत द्यायला यायचा. परवाच येतो म्हणले व्हते. आज तर यायलाच पाहिजेत.

माझी भाची हाय सृष्टी, बहिणीची पोरगी, परभणीला कॉलेजात शिकती — टीव्हीचं, क्यामेऱ्याचं शिक्षण. शेवटच्या वर्षाला त्यांना पायलट करावा लागतो. पायलट म्हणजे सिरियलीचा पहिला भाग, नमुना. आपण साडी घ्यायच्या आधी पदर उलगडून बगतो न्, तसं ते चॅनलवाले बगतात. आवडला तर पुढची सिरियल, न्हाई आवडला तर नुसते मार्क. अन् पैसा म्हणाल तर चार पोरांच्या खिशात चहा-पाण्याला असतोय तेवढा! क्यामेरा म्हणजे मैत्रिणीचा मोबाइल. क्यामेरा पळवायला ट्रॉली लागती म्हणं — केळीवाल्याचा हातगाडा आणला. गाड्यावर पोरगी पालथी पडलेली, हातात मोबाइल, मागून दोघं ढकलायलेत, अन् ओट्यावरच्या बाया इचारायल्यात, काय डझन दिली? उजेड पाडायला लग्नातलं थर्माकोल, त्याच्यावर 'शुभविवाह' तसंच लिव्हलेलं. माईक दिसू न्हाई म्हणून तुळशीच्या कुंडीत खुपसला — मंग काय, समदे नट तुळशीकडं तोंड करून भांडायलेत! एकमेकाच्या आईमाईचा उद्धार करायलेत, पण तुळशीला. — हसू नका म्हणलं न्! अन् मेकअपला मी. मावशी म्हणून.

गोष्ट साधी हाय. दोन घरं, मधी एक बांध, बांधावरून तीस वर्षांची दुश्मनी. हिरो शपथ घेतो की बांधाचा निकाल लागेस्तोवर डोक्याला फेटा न्हाई, टोपी न्हाई, रुमाल सुदीक न्हाई, उघड्या डोक्यानं फिरीन. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल. आता गडी किती लागणार? बाप, चुलते, दुश्मन, पंच. एवढे नट फुकटात कुठून आणायचे? तर हिरोच म्हणला, माझी अख्खी भावकी घेऊन टाका, बांधावरून भांडायचं हाय न्, त्यांना डायलॉग पाठ करायची गरज न्हाई. अन् खरंच ताई, लिव्हलेलं बाजूलाच ऱ्हायलं, पहिल्याच दिवशी दोघा चुलत्यांनी खऱ्या बांधाचं काढलं! सृष्टी कट कट वरडायली, ऐकतंय कोन. पोखर्णीची भावकी हाय ती. हिरोचं नाव परमेश्वर, परभणीला ठिबकचं दुकान हाय त्याचं — काय झालं? उठू नका! डोळे काऊन एवढे मोठे केले? खाज सुटली व्हय? सुटतीच, माती वाळायला लागली की सुटतीच. पडा. हात खाली. बोलायचं हाय ते धुतल्यावर बोला.

तर काय सांगायले मी — हां. निम्मं शूटिंग झालं. घराबाहेरचं समदं झालं, आतलं ऱ्हायलं. अन् भावकीतली सगळ्यात म्हातारी, चतुराबाई, ती गेली. तिचं काम झालतं बरं का, ओट्यावर बसून दुश्मनाला शिव्या द्यायचं. काय दिल्यात शिव्या! मोबाइलमधी लावलं की अजून समदे हसतात अन् मंग एकदम गप होतात. लय गोड म्हातारी. रोज म्हणायची, सविते, मला बी लाली लाव. लावायची मी. असो. भरल्या घरात, भरल्या वयात गेली. पण दहाव्याला भावकीतल्या समद्या गड्यांची डोई झाली न् ताई! वस्तऱ्यानं गुळगुळीत. अन् सुतक फिटल्यावर शूटिंगला उभे — बाप टकला, चुलता टकला, दुश्मन टकला, पाचच्या पाच पंच टकले. अन् बाहेरच्या शूटिंगमधी समद्यांना केस! म्हणजे माणूस दारातून केस घेऊन आत शिरतो अन् उंबरा ओलांडला की टक्कल. असलं घर! चॅनलवाला काय म्हणंल, सिरियल बांधाची हाय का भानामतीची? — तडकलं बगा नाकापाशी. थांबा, पाण्याचा हात लावते.

बाकीच्यांना टोप्या घातल्या, रुमाल गुंडाळले, भागलं. पण हिरोची शपथ! उघडं डोकं! सृष्टी इथं बसून रडायली, ह्याच खुर्चीवर, जमा करायची तारीख तोंडावर आल्याली. परभणीत नाटकाचे टोप देणारा एक हाय, त्याच्याकडं दोनच शिल्लक, एक ऋषीच्या जटांचा अन् एक राक्षसाचा. म्या म्हणलं रडू नको, मी करते टोप. केसावर भांडी देणाऱ्या बाया येतात न् गल्लीत, त्यांच्याकडून घेतले केस. जाळीच्या कापडावर एकेक झुपका सुईनं ओवला, मंग गड्यासारखा कापला. लय झ्याक झाला. एकच चूक केली. त्यांचा भांग डाव्या अंगाला, अन् म्या शिवला उजव्या! का म्हणाल? अहो, मी गिऱ्हाईकाला जन्मभर आरशातच बगत आले. त्यांना ह्या आरशापुढं बसवलं, भांग कुठं व्हता ते त्यांनी टकलावर बोटानं दाखवलं, म्या आरशात बगून माप घेतलं, अन् शिवून बसले उलटा. सृष्टीनं कपाळाला हात लावला. ते मात्र हसले. म्हणले, ऱ्हाऊ द्या, उंबरा ओलांडताना वाऱ्यानं भांग फिरला म्हणू.

ते म्हणजे परमेश्वर. हिरो. — मघाशी 'त्याच्यापाशी' म्हणले अन् आता 'ते' म्हणायले, व्हय? मास्तरीण ती मास्तरीण! म्हणते आपली. वयानं बरोबरीचे हायत पण कामानं मोठे की नव्हं.

रोज सकाळी टोप मी चिकटवायची. मिशा लावायचा डिंक असतोय, तो कपाळाच्या कडंनं लावायचा अन् सुकेस्तोवर दोन्ही हातांनी दाबून धरायचं. तेवढा येळ ते डोळे मिटून बसायचे. एक दिवस म्हणले, सविताबाई, तुमचा हात लागला की डोकं हलकं होतं. म्या म्हणलं, न्हाव्यानं केलंय हलकं, माझं काय त्यात! हसले. पण हसून झाल्यावर बी डोळे उघडले न्हाईत. आता ह्याच्यात काय हाय सांगा? काईच न्हाई. तरी मी त्या दिवशी घरी जाऊन भाजीत दोनदा मीठ टाकलं.

अन् तो डिंक बी असला नाजूक, घाम आला की सुटायलाय. पंखा तर लावूच द्यायची न्हाई मी. तर शेवटच्या शॉटला — हिरो पंचांपुढं उभा, मोठं भाषण, समदे गंभीर — त्यांची चुलती दगडाबाई बाजूला बसल्याली, तिला उकडलं. उठली अन् बटन फिरवलं, एकदम पाचावर! छताचा पंखा. भाषण चालू, 'ही माती माझी माय हाय' — अन् टोप उडाला! सरपंचाच्या मांडीवर जाऊन पडला. सरपंचाला वाटलं मांजर, ते वरडत पळाले. ताई, पंच हसायलेत, दुश्मन हसायलाय, सृष्टी जमिनीवर बसली. ते मात्र दोन्ही हात डोक्यावर घेऊन कोपऱ्यात तोंड करून उभे. लय लाज त्यांना टकलाची. मीच गेले, म्हणलं इकडं बगा, काई वाईट दिसत न्हाई. खरं दिसत न्हाई वाईट. कानामागं एक तीळ हाय, तो केसांत कुणाला दिसलाच नसंल. — काय? डोळे काऊन मिटले? झोप आली? येतीच.

स्कार्फ? माझा? ऊन लय हाय न्. — आत ऊन कुठंय म्हणता. तुमी नुसत्या डोळ्यानं उलटतपासणी करायलात, पोरं कसे टिकत असतील वर्गात. बरं घ्या. काढला स्कार्फ. बगा. — असं काय बगायलात, गळले न्हाईत, कापले. भांडीवालीचे केस राठ निघाले, क्यामेऱ्यात काथ्या दिसायला. मंग एका दुपारी शटर ओढलं अन् कात्री घेतली. कमरंच्या खाली व्हती वेणी. माझा काडीमोड झाला न्, तवा माय म्हणली व्हती, सासरी सगळं ठिऊन आलीस, वेणी तेवढी सोबत आणलीस. तर ती दिली. भाचीसाठी. — दोनदा काऊन मिचकावला? तिचं आयुष्य हाय माय, मार्काचा प्रश्न हाय, मी मावशी — आता मिचकावतच न्हाई व्हय तुमी? — बरं. नसंल नुसतं भाचीसाठी. झालं समाधान?

त्यांना ठाव न्हाई. कुणाचे केस हायत ते म्या सांगितलंच न्हाई, भांडीवालीचेच समजून हायत. आज सांगणार. टोप द्यायला आले की ह्या खुर्चीवर बसवणार, स्कार्फ काढणार, म्हणणार, बगा. पुढचं त्यांनी बोलावं. मला त्यांच्याशी घर करायचं हाय, ताई, आता लपवून तरी काय फायदा. पस्तिशीला आलेली बाई, लोक हसतील, हसू द्या. परवा फोन केला, तर म्हणले, अजून एक शॉट ऱ्हायलाय, दोन दिस टोप ठेवतो. सृष्टी म्हणती, मावशी, शूटिंग तर कवाच संपलं, जमा बी केलं. पोरीला काय कळतंय? ऱ्हायला असंल एखादा.

— आता काय? धरलात काऊन हात माझा? बोलू नका, गालावर वाळायचं हाय अजून! फोन? तुमचा फोन देऊ? हां, पर्समधी. पाव्हण्याचा फोटो दाखवायलात व्हय! दाखवा की, मघाचपासून मी माझंच लावलंय. थांबा, हात कोरडा करते.

...

निळा शर्ट हाय.

इस्त्री कडक हाय. कॉलर जरा — कॉलर म्याच उलटी करून — न्हाई, काई न्हाई. मागं केळीचा गाडा दिसायलाय.

केस दाट हायत. व्हय. उन्हात जरा तांबूस मारायलेत, मेंदीचे असतील. भांग उजव्या अंगाला हाय.

...

उद्या सकाळी म्हणलात न्. म्हणजे तो एक शॉट. उद्याचा. — भावकीत मयत झालंय, डोई केलीय म्हणून सांगितलं असतं तर कोन काय म्हणणार व्हतं? कुणीच न्हाई. एवढी कसली लाज म्हणते मी.

म्हणजे तुमाला पोखर्णी म्हणलं तवाच कळलं. तवा उठायलात. अन् मी आपली, पडा, गप ऱ्हावा, तडकंल.

न्हाई, रडू नका तुमी. तुमी काऊन रडायलात? पाण्यानं ओघळ आले बगा गालावर, समदं पुन्हा लावावं लागंल. तुमचा काई दोष न्हाई. त्यांचा बी न्हाई, त्यांना कुठं काय मालूम. माणूस चांगला हाय. फोटोवरून सांगायले मी.

ती गाडी? नसंल कुणी. आज इथं कुणी यायचं न्हाई.

चला, झालं. उठा. नळ त्या पडद्यामागं हाय, गार पाण्यानं धुवा, रगडू नका. अन् तो स्कार्फ द्या इकडं माझा. मला दुसरं गिऱ्हाईक हाय.

— ताई. तुमच्या बैठकीत छताला पंखा हाय न्? एकदा मिचकवा. हां. मंग उद्या पाव्हण्याची खुर्ची बरोबर त्याच्याखाली टाका. अन् पोहे आणले की, बोलू बिलू काई नका, उकडायलंय म्हणा अन् बटन फिरवा.

पाचावर.