टाकीची चिठ्ठी

मी, खाली सही करणार, वय ४९ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, राहणार तिसरा मजला, छापखान्यामागची इमारत, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी माझे पती, धाकटे दीर आणि जाऊ यांच्यासह एकत्र राहते. पती मालवाहू गाडी चालवतात. दीर, वय ४३, छापखान्यात मुद्रितं तपासतात, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढतात. जाऊ शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर कॉलेजात होते. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भाऊजी. एकमेकांची टर उडवल्याशिवाय आमचा दिवस जात नाही.

गेल्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास दीर गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडले. मला शिडीबद्दल विचारण्यात आलं आहे. पण ते शिडीवर का चढले हे पत्त्यांशिवाय सांगता येत नाही, म्हणून आधी पत्ते सांगते.

दर रविवारी जेवणं झाली की आम्ही चौघं पोकर खेळतो. पाच पत्ते वाटायचे, नको ते टाकून तेवढेच नवे घ्यायचे, तेही एकदाच. पैसे लावायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरलं. त्याऐवजी घरातली कामं लावतो. मोरी घासणं, पंखे पुसणं, बिलाच्या रांगेत उभं राहणं, अशी एकेक चिठ्ठी. डावाला एक चिठ्ठी मध्ये ठेवायची, सगळ्यात हलका हात ज्याचा त्याने ती उचलायची. मध्येच पत्ते टाकून सुटायची सोय नाही, नाहीतर माझे पती जन्मभर सुटले असते.

बाकीचे नियम दिरांच्या वहीत आहेत. तीनपेक्षा जास्त पत्ते बदलायचे नाहीत. हातातला एक्का सगळ्यांना दाखवला तर चार बदलता येतात. वाटणाऱ्याने सांगितलं तर डाव उलटा, म्हणजे हलका हात सुटतो आणि भारी हात अडकतो. प्रत्येक नियमाखाली दीर तारीख टाकतात. स्वल्पविरामासाठी जेवण थंड करणारा माणूस आहे तो.

जोकरचा नियम असा की जोकर म्हणजे एक्का. ओळीने पाच पत्ते किंवा एका रंगाचे पाच होत असतील तर अडलेल्या पत्त्याच्या जागी लावता येतो, बाकी कशालाही नाही. हा नियम माझ्याच भांडणातून झाला. दोन वर्षांपूर्वी दिरांनी दोन राण्यांना जोकर जोडून तीन राण्या केल्या आणि जिना झाडण्याची चिठ्ठी माझ्या गळ्यात पडली. "हा काय चोरबाजार आहे का?" म्हणून मी पत्ते फेकून उठले होते. तेव्हा त्यांनी माझ्यासमोर नियम लिहिला आणि मला वाचून दाखवला. त्यामुळे मला तो माहीत नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही.

रविवारी शेवटची चिठ्ठी टाकीची होती. टाकीतला पाणी बंद करणारा चेंडू अडकला होता आणि पाणी वाहून जात होतं. तो वर चढून हाताने सोडवावा लागतो. डाव साधा होता, उलटा नव्हता. पतींकडे तीन राण्या आल्या, त्यांनी त्या दाखवल्या आणि तिथेच भिंतीला टेकून घोरू लागले. जाऊला ओळीने पाच लागले, ती चहा टाकायला आत गेली. राहिलो दीर आणि मी. त्यांच्याकडे दोन राजे आणि दोन सत्त्या, म्हणजे दोन जोड्या. माझ्याकडे दोन नव्व्या, जोकर, एक छक्की, एक तिर्री. एक जोडी दोन जोड्यांपुढे हलकी पडते. चिठ्ठी माझी होती.

मी पत्ते खाली ठेवले आणि म्हणाले, "तीन नव्व्या. चला भाऊजी, उठा."

ते म्हणाले, "वहिनी, जोकर नव्वी कधीपासून झाला?"

"आजपासून झाला."

"वही काढू का?"

"काढा की! घर काय तुमच्या वहीवर चालतं? चार रविवार झाले, टाकी मीच करतेय. एक भाऊ घोरतोय आणि दुसऱ्याला स्टुलावर चढलं तरी चक्कर येते. बरे मिळालेत मला पुरुष!"

हे मी बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे हसण्यावारी नेतात, म्हणून मी सोकावले. दीरही हसले, पण जरा उशिरा. मग त्यांनी वही काढली, जोकरच्या नियमाखाली पेन्सिलीने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "वहिनींच्या हातात असेल तर जोकर म्हणजे वाटेल तो पत्ता." खाली तारीख टाकली. चिठ्ठी उचलून खिशात घातली, पाना घेतला आणि गेले. वही मी सोबत आणली आहे, ती हजर करते.

मी दमले होते का, असं विचारण्यात आलं. दमले नव्हते. गुडघेही दुखत नव्हते. मला फक्त हरायचं नव्हतं.

शिडीबद्दल. शिडी लोखंडी आहे, भिंतीला पक्की केलेली. वरून दुसरी पायरी एका बाजूने सुटलेली आहे. हे घरात फक्त मला माहीत होतं, कारण ती चिठ्ठी बहुतेक माझ्याकडेच यायची. मी त्या पायरीवर पाय देत नाही, खालच्या पायरीवरून एकदम वरच्या पायरीवर जाते. हे दिरांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहू नये. ते दारात चपला घालत होते तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं असतं तर "मग सवय तुम्हालाच आहे, तुम्हीच या" म्हणाले असते. म्हणून मी गप्प राहिले आणि पत्ते गोळा केले.

साधारण दहा मिनिटांनी वरून आधी पाना पडल्याचा आवाज आला, मागोमाग मोठा आवाज. मी अनवाणी धावले. दीर पाठीवर पडले होते, शुद्धीवर होते. मला म्हणाले, "वहिनी, पाणी थांबलं का बघा." पाणी थांबलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की कमरेच्या मणक्याला मार आहे आणि दोन्ही पायांत हालचाल नाही. पुन्हा उभे राहतील की नाही हे आज सांगता येत नाही. मंगळवारी दिरांनी खाटेवरून जबाब दिला, तो मला इथे वाचून दाखवण्यात आला. त्यात ते म्हणतात की वहिनींच्या तीन नव्व्या होत्या, डाव मी हरलो, पाळी माझीच होती, कोणाविरुद्ध तक्रार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने माझी एक सोडून दिली.

काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊ त्यांच्या चपला पिशवीत भरत होती. ती मला म्हणाली, "ताई, हे सांगतात त्यांच्या दोन जोड्या होत्या, मग हरले कसे? तुमच्याकडे होतं तरी काय?" मी म्हणाले, "तीन नव्व्या." ती म्हणाली, "मग नशीबच म्हणायचं." आणि तिने माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मी सोडवून घेतला नाही, याची मला अजून लाज वाटते.

मला बोलावणं उद्याचं होतं, मी आज स्वतःहून आले. हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, पत्ते कोणाचे कसे होते यावर कायद्याचं काही अडत नाही." नसेल अडत. मी इथून थेट दवाखान्यात जाऊन जाऊला सांगणार आहे. तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा खोटं बोलेन अशी भीती वाटली, म्हणून आधी कागद केला. आता मागे फिरायला जागा नाही.

हा जबाब मला सावकाश, सगळा वाचून दाखवला. दिरांच्या जबाबावरून उतरवताना माझ्या पत्त्यांच्या ठिकाणी "तीन नव्व्या" असं लिहिलं गेलं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "दोन" केलं आहे आणि बाजूला माझी सही घेतली आहे. बाकी मी सांगितलं तसंच आहे.