चोरांसाठी लावलेला रेडिओ

चूक सगळी आमच्या बापाची, हे आधीच सांगतो. गणपतीला गावी निघताना चोरांच्या धास्तीने त्याने विक्रोळीच्या घरात दिवा आणि रेडिओ चालू ठेवला, पहाटे आम्हाला गुपचूप बाहेर काढलं आणि बजावलं, “कोणाक सांगू नको. शेजाऱ्यांचो फोन पण उचलू नको. घरात माणसां आसत असां वाटूक व्हयां.”

“बाबा, निदान परबकाकूंना तरी सांगा.”

“कॉलेज सोडलंस तू, माका शिकवू नको.”

सोमवारी अंधेरीच्या एका गोदामात माझ्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस होता, म्हणून रविवारी मी एकटाच परतलो. बघतो तर दार फोडलेलं, दोरीने बांधलेलं, आणि समोर खुर्ची टाकून परबकाकू बसलेल्या.

“काकू, काय काय गेलं?”

“काय जातंय? चार दिवस रेडिओ वाजतोय, दार कोण उघडत नाही, फोन कोण उचलत नाही. वाटलं, आत सगळे मरून पडलेत. आम्हीच फोडलं. सांगून जायला काय झालेलं रे?”

सुतार शोधला, तर आमच्या भागातले सगळे सुतारही गणपतीला कोकणात. काकू म्हणाल्या, “तू जा कामाला, मी बसते.” बापाला फोन केला.

“शेजाऱ्यांच्या भरवशावर घर टाकूचा नाय. कपाटात आयशीचे दागिने आसत. सुतार येयपर्यंत दारातून हलू नको.”

“आणि नोकरी?”

“नोकऱ्ये छप्पन मिळतत.”

आणि मी गाढव, बसलो. सुतार गुरुवारी आला. गोदामवाल्यांनी माझ्या जागी सोमवारीच दुसरा घेतला होता.