एकाचं शून्य

हलू नका म्हटलं ना — गेला, परत डोळे मिटले, तिसरा फोटो वाया. कॅमेऱ्याकडे कसलं बघताय, त्याचा काही दोष नाही, मी बटन दाबलं की तुम्हीच पापण्या पाडता. हनुवटी खाली घ्या. अहो, इतकी नाही, पगार कापल्यासारखे दिसताय. चष्मा ठेवा त्या फळीवर. आणि तोंड बंद — व्हिसाच्या फोटोत दात दिसले की परत पाठवतात. म्हणजे बोलायचं मी आणि ऐकायचं तुम्ही. साहेब लोकांना सवय नसते, पण जमेल. घाई आहे? असणारच. परदेशात जायचं, मोठमोठ्या लोकांपुढे तो कंपायलर मांडायचा — मला कसं ठाऊक? कान आहेत की दोन. तुमचेही दाखवा, केस मागे सारा, कान दिसायला लागतात.

तर तुमच्या ऑफिसात एक जण आहे बघा — उंच, वाकून चालणारा, नाव विचारलं तरी आधी जमिनीकडे बघून मग सांगणारा. आहे ना? तो माझा सख्खा भाचा. — दचकलात! चौथाही गेला. बसा हो, बसा, व्हिसाला फोटो लागतो आणि आज सुट्टीच्या दिवशी उघडा एवढाच स्टुडिओ आहे, जाताय कुठं? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला काय कळतंय, पण भाचेबुवांनी समजावलंय सगळं. कंपायलर म्हणजे दुभाषी. माणसानं लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतो. तो दुभाषी तुम्ही रोज नव्यानं घडवता, त्याला बिल्ड म्हणायचं, आणि त्याआधी सेटिंगं लावायची — बरोबर? मान हलवू नका, नुसतं मनात हो म्हणा. त्यातलं एक सेटिंग आमच्या बुवांनी भांडून लावून घेतलेलं. साधी वॉर्निंग आली तरी बिल्ड जागच्या जागी थांबवायचा. ‘मामा, वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे, पण आम्ही ती एररच धरायची.’ मी म्हटलं, मग तुझी मामी तुमच्यातलीच, मी नुसता खोकलो तरी विचारते, कुठं भटकत होतात.

आता ते सेटिंग बंद कोणी केलं? बोला — नाही, बोलू नका. कोणीतरी गुपचूप बंद केलं, वॉर्निंगांकडे कोणी बघितलं नाही, बिल्ड झाला झकास, तुम्ही तो गिऱ्हाइकाकडे नेलात आणि तिथं त्याच्या सगळ्या बेरजा चुकल्या. आणि बदल कोणाच्या नावावर? भाच्याच्या! सोमवारी त्याला घरी बसवणार म्हणे तुम्ही. माझी बहीण कालपासून जेवलेली नाही. तो शपथेवर सांगतो, मी हात लावला नाही. मग कोणी लावला? मी सांगू? ज्याला बिल्ड थांबलेला परवडत नव्हता, त्यानं. ज्याचं विमान ठरलं होतं, त्यानं. — हां, आता कसे डोळे सताड उघडे आहेत! पण मी बटन दाबणार नाही. आधी भाच्याला फोन लावा, सांगा, बाबा रे, मीच केलं, मग बघा कसा राजबिंडा फोटो काढतो. मी लोकांना नुसता हसवतो असं वाटतं सगळ्यांना, पण माणूस स्टुलावर बसला ना की मला त्याच्या मानेवरून कळतं, काहीतरी लपवतोय.

काय? बोटानं काय खुणावताय — गुरुवार? गुरुवारी दुपारी बदललं? अहो, मग तर साक्षीदारच मी! गुरुवारी दुपारी तुमच्याकडे वीज नव्हती, तो इथं येऊन बसला होता, लॅपटॉप याच स्टुलावर, स्वतः खाली फरशीवर. जागचा हलला नाही. म्हणजे एकदा हात धुवायला गेला, तेवढाच. आणि इतका भोळा आहे तो, सांगतो तुम्हाला — मला त्याची खोडी काढल्याशिवाय चैन पडत नाही, लहानपणी चपला लपवायचो, आता मोबाइलचं घड्याळ पुढं करतो — तर तो हात धुवायला गेला तेव्हा मी त्या लॅपटॉपवर एका ओळीत एकाचं शून्य करून ठेवलं. म्हटलं बघू, भाचेबुवांच्या लक्षात येतं का! आला, बसला, बघितलं न बघितलं, सगळं धाडदिशी पाठवून दिलं तुमच्या ऑफिसला. मी पडद्यामागे तोंडात रुमाल कोंबून हसतोय, आणि याला पत्ता नाही! मग एक बाई बाळाला घेऊन आली फोटोला, मीही विसरलो. असला माणूस लबाडी करेल? तुम्हीच सांगा.

उठलात कशाला? फोन कसला दाखवताय — थांबा, दिसत नाही, तुमचाच चष्मा द्या इकडे. हं. हेच ते सेटिंग? ही लाल ओळ, ही आधीची, चालू होतं तेव्हाची. ही हिरवी, नंतरची, बंद केल्यावरची. दोन्ही सारख्याच की. नाही, शेवटी — आधी एक आहे. आणि नंतर —

— —

हा तुमचा चष्मा. घ्या. फोटोही घ्या, पहिलाच चांगला आला होता, डोळे उघडे होते तुमचे, मी उगाच — घ्या. पाकिटात घालून देतो. सोमवारी त्याला बोलवू नका साहेब, मला बोलवा. मी येतो, तुम्ही सांगाल तिथं बसतो, हलणार नाही. बहिणीला आजच सांगतो. आधी तिलाच सांगावं लागेल.

जा आता. दिवा तापलाय, बंद करायचाय मला. — हसताय काय? हसू नका साहेब. हसलेलं चालत नाही.