बापानं गारा नाई पाठवल्या

घ्या लिहून भाऊ, मी गारपगाऱ्याची पोरगी. आता गारपगारी कोनाले म्हनतात थेही तुमाले सांगा लागन. गावावर गारा येऊन राहिल्या का मारोतीच्या पारावर उभं राहाचं, त्रिशूळ रोवाचा अन् आभाळाले म्हनाचं, इकून नोको जाऊ, जंगलात जाय. थेच माह्या बापाचं काम, त्याच्या बापाचंही थेच. सुगीत घरोघरचं सूपभर धान्य भेटे, त्याच्यावर आमचं घर चाले. तवा इंग्रजाचं राज होतं. आमचं गाव अचलपुराकडं, अन् मले देल्लं भातकुलीकडं.

थ्या साली संक्रांतीले मी माहेरी आल्ती. काय सांगू तुमाले, शनवारी दुपारी आभाळ फाटलं. लिंबाएवढ्या गारा! लोकं घरात घुसले, कवाडं लावले, अन् माहा बाप उघड्या आंगानं पारावर. मी दारातून वरडून राहिली, बाबा घरात या, बाबा घरात या, पन थो हटेच ना. म्हने, मी हटलो तं गावाचं कोन हाय. डोक्शातलं रगत गळ्यावर उतरलं, तरी उभाच. गहू आडवा झाला, हरभरा गेला, माळ्यायच्या वाडीतली वांगी, मेथी, सारं चिखलात. आमच्या छपरावरचे कवेलूही फुटले, थे कोनी पाह्यलं नाई.

आइतवारी ऊन असं तापलं का चैत लागला वाटे. त्याच उन्हात माहा नवरा मले न्यायले आला. भोळा मानूस, बोलून बसला का आमच्याकडं तं थेंबही नाई, गरमीनं रातची गोधडी सुदी नाई लागत. झालं! पाटील म्हने, असं हाय तं! यानं पोरीचं गाव वाचवलं अन् तिकडच्या गारा आमच्यावर लोटल्या. अवो, बापाच्या डोक्शाले फडकं बांधेल, त्याच्यातून रगत झिरपून राहिलं, अन् हे त्यालेच बेइमान म्हनतात! बाप म्हने, पाटील, मले लोटता आल्या असत्या तं सोताच्या डोक्शावर घेतल्या असत्या काय? कोनी आयकलं नाई. पारावरचा त्रिशूळ उपटून त्याच्या हाती देल्ला, म्हने, जाय पोरीच्या गावाले.

आनला मंग आमी त्याले. माह्या सासरच्या लोकायनं पयले नारळ देल्ला, म्हने इवाईबुवा, तुमी वाचवलं आमाले. पन थे गरमी काही हटे ना, हरभऱ्याचा फुलोरा गळला, तं थेच लोक म्हने, गारा हटवल्या थे ठीक, पन हे ऊन कावून आनलं? सांगा आता, मानसानं जावं कुठं? माहा बाप मंग कोनासंग बोलेच नाई. मारोतीचा पार दिसला का तोंड फिरवे. तसाच झुरून गेला. आजही आठवलं का माह्या आंगाची आग होते भाऊ.

आता मी म्हतारी झाली. मांगच्या हिवाळ्यात आभाळ भरून आलं, तं थ्याच पाटलाचा पोरगा बैलगाडी घेऊन दारात उभा. म्हने, बाई, तुमी त्याच्याच रगताच्या, चाला पारावर. मी म्हनलं, रगत तं माह्या बापानं तिथंच सांडून ठेवलं हाय, जाय, त्याच्यावर उभा राह्य अन् तूच हाकल गारा. गेला मान खाली घालून.

थो गेला अन् मी आंगनात आली. अचलपुराकडं काळंभोर झालं होतं. नाई म्हनता म्हनता हात जुळलेच. म्हनलं, तिकून नोको जाऊ बापा, जंगलात जाय. लोकं नालायक हायेत, पन गव्हानं काय केलं?