आठ किलो शिसं

नाही, खुर्ची नको, मी उभाच बरा — बरं, बसतो, तुम्ही आग्रहच करताय तर — ती भट्टी जरा लांब आहे ना? चष्म्यावर वाफ येते. तर मितेशभाई, मी काय म्हणत होतो, एकसंध पट्टी ओतायची नाही या वेळी. दोन तुकडे. चार किलो मागे, दोन सिलेंडरच्या मधल्या खाचेत, आणि चार किलो कमरेला, बकल ओढलं की सुटणारे. मागच्या वेळी तुम्ही ओतली ती सबंध आठ किलोची होती. चांगली ओतली होती, तुमच्या कामात काही कमी नव्हतं, मी आधीच सांगतो. साचा अगदी सरळ होता. कमी होतं ते — जाऊ द्या. आणि हो, तो मागचा कागद आहे ना तुमच्याकडे, माझं चित्र? तो मला परत हवाय. मापं बघायला. म्हणजे मापं माझ्याकडे आहेत, पण अस्सल कागद असला की बरं असतं. शोधा की सावकाश, घाई नाही. म्हणजे आज मिळाला तर बरं. उद्या अकरा वाजता — नाही, उद्याचं काही नाही, असंच.

कुणासाठी म्हणजे? तेच, दत्तासाठी. गव्हाणचा दत्ता, पाणबुड्या, खाडीत जेट्टीचे खांब तपासायचं काम करतो — करायचा. तुम्ही त्याला पाहिलंय, माझ्याबरोबर आला होता, पट्टी न्यायलाही तोच, रुंद खांद्यांचा, सारखा हसणारा. त्याची मुलगी प्राजक्ता माझ्याकडे नवीन पनवेलला भौतिकशास्त्र शिकायला येते. निवृत्त झाल्यापासून दोन-तीन मुलांना शिकवतो मी, वेळ जायला. चौतीस वर्षं कॉलेजात द्रवांचं गणित शिकवलं, डॉक्टरेट त्यातलीच. आणि तुम्हाला गंमत सांगतो, मला पोहता येत नाही. वडाळे तलावाच्या काठावर रोज फिरतो, पण कठड्याच्या आतून. हसा, हसा, हसण्यासारखंच आहे ते.

तर ती पोरगी एकदा म्हणाली, सर, बाबांच्या कमरेला वळ उठलेत. का? तर आठ किलो शिशाचा पट्टा बांधून तीन-तीन तास पाण्यात. पाठीवर जोडसिलेंडर, कमरेला शिसं, त्यामुळे कंबर खाली जाते, पाय लोंबतात, पायांनी तळचा गाळ उठतो आणि समोरचा खांब दिसेनासा होतो. मला इतका आनंद झाला मितेशभाई — खोटं कशाला बोलू — चौतीस वर्षांत मला कुणी खरा प्रश्न विचारलाच नव्हता. परीक्षेचे विचारले. त्या रात्री — रात्री कसली, साडेआठ वाजता — जेवण तसंच ठेवून गणित मांडलं. दोन्ही सिलेंडरमध्ये मिळून पाच किलोच्या वर हवा मावते. हवेलाही वजन असतं, लोक विसरतात. हवा संपत आली की माणूस तेवढा हलका होतो, तरंगायला लागतो. म्हणून वजन धरायचं ते शेवटचं, सिलेंडर रिकामे असतानाचं. आणि ते कमरेला न ठेवता पाठीवर, खाचेत, डोक्याकडे सहा सेंटीमीटर सरकवून. सगळं बरोबर होतं. आजही ताळा करून बघा, बरोबर येतो. दत्ता पाण्यात फळीसारखा आडवा राहायला लागला. पंधरा दिवस त्याने माझ्या दारात कोळंबी आणून ठेवली. मी खात नाही, शेजारी दिली, पण दारात ठेवलेली पिशवी बघून — असो.

मिळाला का कागद? नाही? त्या खालच्या खणात बघा ना.

पट्टा मी काढायला लावला. हो. तो नको म्हणत होता. इथेच, तुमच्या या दारात उभा होता, तुम्ही ऐकलं असेल. "सर, पट्टा ऱ्हाऊ द्या थोरा. हात गेला का सुटतो, इचार करायला लागत नाय." आणि मी काय म्हणालो? तुम्हाला आठवत नसेल तर बरंय. मी म्हणालो, दत्ता, शाळा कुठवर झाली तुझी? नववी, म्हणाला. मग नववीने डॉक्टरेटला शिकवू नये, म्हणालो. तुमची माणसंही हसली होती. तोही हसला. चित्राची घडी तुमच्या हातात दिली, म्हणाला, वता शेठ, सर सांगतान तसा. आणि पट्टी बोल्टांनी पक्की आवळायची, हलता कामा नये, हेही मीच लिहिलं होतं. खाली सही. सहीच्या पुढे डॉक्टरेट.

मग काय व्हायचं, झालं. पंधरा दिवसांनंतरची गोष्ट, पाण्यात उतरून दहा मिनिटं झाली असतील. खांबाला कालवं चिकटलेली असतात, पात्यासारखी. त्यांनी पाठीवरचं हवेचं जाकीट फाडलं. पाणबुड्याला वर धरून ठेवतं ते. आणि सिलेंडर भरलेले, म्हणजे तो पाच किलो जड — मी गणित रिकाम्याचं केलं होतं ना! जाकीट आहेच वर धरायला, असं मी गृहीत धरलं. जाकीट फुटलं तर? हा प्रश्न मी मांडलाच नाही. ज्याला बुडायची भीती नसते, त्याला सुचत नाही तो. आणि मला भीती नव्हती, मितेशभाई, कारण मी काठावर होतो. पाय मारत तो कसाबसा वर आला, होडीला हाक मारायला तोंडातली नळी काढली, पाणी गिळलं. सुभाष, त्याचा जोडीदार, होडीत होता. तो सांगतो, सर, दत्ताचा हात सारखा कमरेकडं जात होता. दोनदा, तीनदा. पट्टा शोधत होता. वीस वर्षांची सवय. आणि मग खाली गेला.

सुभाषने उडी मारून काढला. जिवंत आहे, नाहीतर मी इथे बसलो असतो का? घरी सोडलंय आता, पण डाव्या कानाचा पडदा गेला. डॉक्टर म्हणतात, पुन्हा पाण्यात नाही. पण होडीत राहून नवीन पोरांवर लक्ष ठेवायचं काम त्याला मिळेल, ठेकेदार द्यायला तयार आहे. फक्त उद्याच्या चौकशीत त्याच्यावर निष्काळजीपणाचा शेरा पडायला नको. आणि त्याने काय जबाब लिहून दिलाय, ठाऊक आहे? "पट्टा घालायला मी विसरलो." मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा ठेकेदाराचा माणूस खाटेजवळ लिहूनच घेत होता. दत्ताने माझ्याकडे पाहिलं. मी — मी मोसंबी घेऊन गेलो होतो. पिशवी खाटेखाली ठेवली आणि उभा राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. चौतीस वर्षं रोज पाच-पाच तास बोललो. सोमवारी प्राजक्ता शिकायला आली, वही उघडली, प्रश्न होता उत्प्रणोदनाचा, पाणी वस्तूला वर किती ढकलतं त्याचा. तिने सोडवला, मी तपासला, दोघांनीही मान वर केली नाही.

आता कळलं ना, कागद कशाला हवाय? मापांसाठी नाही. तो कुणाच्या हाती लागू नये म्हणून आलोय मी. ही दोन तुकड्यांची पट्टीही खोटी, ती घालणार कोण? सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस रिक्षाने कळंबोलीला येतो ते सही चोरायला. द्या तो कागद.

काय? कोण येऊन गेला?

काल? कानाला कापूस होता? ... एकटाच? आणि तुम्ही दिलात त्याला? ... भट्टीत? या भट्टीत? माझ्या सहीसकट?

काय म्हणाला? नाही, सांगा. त्याच शब्दांत सांगा.

"सरांला कलू देऊ नका."

...

म्हणजे मी सुटलो. कागद नाही. तुम्ही बोलणार नाही, तो बोलणार नाही, पोरगी बोलणार नाही. जे करायला आलो ते कालच झालंय, माझ्यापेक्षा नीट झालंय. पाणी आहे का हो थोडं?

मितेशभाई, कोरा कागद द्या एक. बिलाचा चालेल, मागून कोरा असतो तो. आणि रेघा मारायला पट्टी. लोखंडी असू दे. हे दोन सिलेंडर. ही खाच. चाळीस सेंटीमीटर, आठ किलो. डोक्याकडे सहा. इथे बोल्ट, इथे बोल्ट, पक्के आवळावेत. तारीख आजची घालतो, मागची घातली तर तेही खोटंच. वर लिहितो, जळालेल्या चित्राप्रमाणे पुन्हा काढले. खाली सही. डॉक्टरेट राहू दे, ती हवीच इथे. उद्या अकराला हा चौकशीवाल्यांच्या टेबलावर ठेवतो. तुम्ही नका येऊ, मला जमेल. नाही जमलं तर कागद तरी बोलेल.

बघा, कागदावरही हात आपोआप कमरेच्या जागी गेला. तिथे एक बकल रेखाटावंसं वाटतंय. एवढंसं. कुणाला कळणार? — नाही. तेव्हा नव्हतं. कमरेपाशी काहीच नव्हतं. कोरंच ठेवायचं ते.

तुम्ही तुमचं काम करा आता, भट्टी थंड होतेय. आणि जरा बोलू नका. मला मोजू द्या.