बिनधुराचं डांबर

आरं, चहा थंड झाला तर परत उकळता येतो, डांबराचं तसं न्हाई. तासगावकडं रस्त्याच्या कामावर मी मुकादम. डांबरात जुन्या टायरची भुकटी, वर एक नवं औषध. त्यामुळं कमी तापवलं तरी माल नीट पसरतो आन् धूर व्हत न्हाई. पहिला डंपर ओतणार, तवर एक द्राक्षबागवालं तात्या आडवं आलं.

“धूर कुठाय? थंड माल टाकताय व्हय रं आमच्या रस्त्यावर?”

“आवं तात्या, औषध घातलंय, म्हणून धूर न्हाई.”

“औषध? डांबराला काय द्राक्षावानी रोग पडलाय व्हय?”

माझं डोकंच फिरलं! “मग लावा मालाला हात, बघा थंड हाय का,” म्हणलं, तर हातबी लावंनात. तिकडं डंपरात माल घट्ट व्हाया लागलेला. शेवटी ठेकेदारानं डंपरच्या आडोशाला एक फुटका टायर पेटवला. काळाकुट्ट धूर उठला. तात्या खोकत खोकत बाजूला झालं, वर मलाच म्हंत्यात, “आता कसं! ह्याला म्हंत्यात डांबर!”

म्हंजी बघा गड्यांनो, टायर डांबरात घातला तर फसवणूक, आन् जाळून नाकात घातला की रस्ता पक्का!