रुई जास्त झाली

निक्की गावच्या नाक्यावर गाडी अजून प्रवाशांनी भरायची होती. मिरच्यांची टोपली घेऊन चढलेल्या बोनाला खिडकी हवी होती, पण तिथे फुलानी गुराखी जमातीची एक नवरी, दादो, बसलेली; शेजारी तिची मावशी.

"दादो, हातावरची मेंदी उतरली नाही आणि निघालीस माहेरी?"

"माझं पहिलंच चीज बिघडलं, मावशी. दूध फाडायला रुईची पानं जास्त वाटली. कडूजहर झालं."

"सासू बोलली काही?"

"कुणीच नाही. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. सासूबाईंनी तर वर मागून घेतलं."

"मग रडतेस कशाला?"

"पाहुणीच्या हातचं आपल्यात असंच खातात ना! घरच्या पोरीला सोडलं असतं कुणी?"

 तेवढ्यात दादोचा फोन वाजला. पलीकडचा सासूचा आवाज अख्ख्या गाडीला ऐकू गेला.

"कुठे उलथलीस गं, भवाने? अख्खं झाड वाटलंस की काय दुधात? काल पुरुष समोर होते म्हणून गिळलं! दूध तापलंय इथे. चीज कोण करणार, मी?"

"आले, आत्याबाई!"

दादोने डोळे पुसले.

"मावशी, ऐकलंस? शिव्या घालतायत मला!"

गाठोडं उचलून ती उतरलीसुद्धा. बोनाने खिडकी पटकावली.